झोत आवळायचा कसा? टॉर्चच्या भिंगांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी एलईडी टॉर्चला वेगळे भिंग बसवण्याविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे त्यातले एकच पत्र ठेवले आहे. उत्तरांत 'चिप' म्हणजे एलईडीमधली प्रत्यक्ष उजळणारी पिवळी चौकट. आजूबाजूची पांढरी वडी नव्हे.

प्रश्न : माझ्या टॉर्चला रिफ्लेक्टर आहे. पुढची सपाट काच काढून तिथे बहिर्गोल भिंग बसवले. वाटले होते झोत बारीक होईल, झाले उलटेच. टॉर्चपासून वीतभर अंतराच्या आतच प्रकाश एका ठिपक्यात येतो आणि भिंतीवर मोठे फिकट वर्तुळ पडते. भिंग खराब आहे का?

भिंग चांगले आहे, जागा चुकली आहे. रिफ्लेक्टरने प्रकाश आधीच जवळपास समांतर करून दिलेला असतो. समांतर किरण बहिर्गोल भिंगात शिरले की त्याच्या फोकल लेंग्थवर एकत्र येतात आणि तिथून पुढे फाकतात. समजा भिंग ३० मिमी व्यासाचे आणि ५० मिमी फोकल लेंग्थचे आहे. मग पाच सेंटिमीटरवर किरण एकमेकांना छेदतात आणि पुढे जवळजवळ ३३ अंशांत पसरतात. तुम्हाला दिसते आहे ते हेच.

रिफ्लेक्टर किंवा भिंग, दोघांपैकी एकच ठेवायचे. भिंग हवे असेल तर रिफ्लेक्टर पूर्ण काढा आणि एलईडी थेट भिंगाच्या फोकसवर येईल असे बसवा. आधी अंतर्गोल आणि मग मोठे बहिर्गोल, अशी दुर्बिणीसारखी जोडी लावून रिफ्लेक्टरचा झोत आणखी आवळता येतो हे खरे. पण लांबी आणि वजन इतके वाढते, की त्यापेक्षा मोठ्या रिफ्लेक्टरची टॉर्च घेतलेली परवडते.

प्रश्न : रिफ्लेक्टर काढून २५ मिमी व्यासाचे, २५ मिमी फोकल लेंग्थचे भिंग लावले. ठिपका छान बारीक पडतो, पण एकूण उजेड फारच कमी वाटतो. टॉर्चवर १००० लुमेन लिहिले आहेत. बाकीचा प्रकाश गेला कुठे?

टॉर्चच्या आतच गेला. एलईडी समोरच्या अख्ख्या अर्धगोलात प्रकाश फेकतो. सर्वांत जास्त सरळ समोर आणि बाजूला कमी कमी होत जाणारा. भिंगाला त्यातला फक्त तेवढाच मिळतो, जेवढा चिपपासून भिंगाच्या कडेपर्यंतच्या शंकूत मावतो. व्यास आणि फोकल लेंग्थ सारखी असली तर हा शंकू मध्यरेषेपासून साधारण २७ अंशांचा होतो आणि त्यात एकूण प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. तुमच्या हजारातले दोनशेच्या आसपास लुमेन बाहेर पडतात. उरलेले आतल्या भिंतीवर आदळून उष्णता होतात.

उपाय म्हणजे व्यासाच्या मानाने आखूड फोकल लेंग्थचे, जाड पोटाचे अस्फेरिक (वक्रता गोलाकार नसलेले) भिंग. फोकल लेंग्थ व्यासाच्या ०.६ पट असेल तर निम्म्याच्या आसपास प्रकाश हाती लागतो. साध्या गोलाकार वक्रतेच्या भिंगात इतकी आखूड फोकल लेंग्थ घेतली तर कडेचे किरण मधल्या किरणांच्या आधीच फोकस होतात आणि ठिपक्याभोवती धुरकट झालर येते. वाचनाच्या भिंगातून काढलेली काच इथे निराशा करते ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. रिफ्लेक्टरच्या टॉर्चमध्ये थेट पुढे निसटणारा प्रकाश पायाजवळचा भाग उजळतो. भिंगाच्या टॉर्चमध्ये तो प्रकाश नसतोच. ठिपका आणि ठिपक्याबाहेर काळोख. चालताना वापरायची टॉर्च असेल तर तिचा रिफ्लेक्टर काढू नका.

वाया जाणारा प्रकाश परत वापरण्याची एक युक्ती आहे. चिपभोवती आतून आरशासारखे, मध्ये भोक असलेले अर्धगोलाकार कडे बसवायचे. बाजूला जाणारा प्रकाश ते पुन्हा चिपवर टाकते आणि तिथल्या फॉस्फरवरून (चिपवरच्या पिवळ्या लेपावरून) त्यातला बराचसा पुढे येतो. चिप अधिक तेजस्वी दिसते आणि झोताची तीव्रता वाढते. पण कड्याचे केंद्र चिपच्या बरोबर मध्यावर यावे लागते. मिलिमीटरच्या अंशाने सरकले तरी परिणाम संपतो, त्यामुळे हा पहिल्या प्रयत्नात करायचा उद्योग नाही.

प्रश्न : एकाच व्यासाची दोन भिंगे मिळतात, एक २५ मिमी फोकल लेंग्थचे आणि एक ५० मिमीचे. ५० च्या भिंगाने ठिपका निम्मा होतो. म्हणजे ते दुप्पट लांब फेकेल ना?

नाही. भिंगाच्या टॉर्चबद्दल बहुतेकांची गल्लत होते ती इथेच, म्हणून जरा सविस्तर.

ठिपक्याचा आकार ठरतो चिपची रुंदी भागिले फोकल लेंग्थ या गुणोत्तराने. चिप २ मिमी आणि फोकल लेंग्थ २५ मिमी असेल तर झोत साधारण ४.६ अंशांचा होतो. ५० मीटरवर चार मीटर रुंदीचा ठिपका. ५० मिमीच्या भिंगाने २.३ अंश आणि दोन मीटर. इथपर्यंत तुमचे बरोबर आहे.

पण टॉर्च किती लांब फेकते हे झोताच्या मध्याच्या तीव्रतेवर, म्हणजे कॅन्डेलावर ठरते, आणि तिचा हिशेब वेगळा आहे : चिपची तेजस्विता (कॅन्डेला प्रति चौरस मिमी) × भिंगाचे क्षेत्रफळ (चौरस मिमी) × भिंगातून पार होणारा हिस्सा. या गुणाकारात फोकल लेंग्थ कुठेच नाही. दोन्ही भिंगांनी मध्यावरचा उजेड सारखाच पडेल. ५० मिमीचे भिंग फक्त ठिपक्याचा बाहेरचा भाग कापून टाकते, कारण मुळात ते प्रकाश कमी गोळा करते. एकाच व्यासात निवड करायची असेल तर २५ मिमीचे घ्या. तितकाच लांब पल्ला आणि वर रुंद ठिपका मिळतो.

कोणतेही भिंग चिपची तेजस्विता वाढवू शकत नाही. दूर उभे राहून टॉर्चकडे पाहिले तर भिंगाची पूर्ण चकती चिपच्याच तेजाने भरलेली दिसते, त्याहून उजळ नाही. म्हणून पल्ला वाढवायच्या वाटा दोनच : भिंगाचा व्यास मोठा करा, किंवा अधिक तेजस्वी चिप लावा.

तेजस्विता आणि लुमेन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २ × २ मिमीच्या चिपवर सिलिकॉनचा घुमट असला की ती भिंगाला दीडपट मोठी, म्हणजे साधारण ३ × ३ मिमी दिसते. अशा एलईडीचा प्रकाश १००० लुमेन असेल तर तेजस्विता १००० ÷ (३.१४ × ९), म्हणजे ३५ कॅन्डेला प्रति चौरस मिमी. आता बिनघुमटाची २ चौरस मिमीची चिप घ्या, जी फक्त ५०० लुमेन देते. ५०० ÷ (३.१४ × २) म्हणजे ८०. लुमेन निम्मे आणि तेज दुपटीहून जास्त.

दोन्हींपुढे ३८ मिमी व्यासाचे भिंग लावू. क्षेत्रफळ सुमारे ११३४ चौरस मिमी, आणि पार होणारा प्रकाश ०.९ धरू. पहिल्यातून सुमारे ३५,७०० कॅन्डेला मिळतात, दुसऱ्यातून सुमारे ८१,६००. टॉर्चच्या एएनएसआय एफएल१ मानकात पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सवर येतो ते अंतर, आणि ते कॅन्डेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट येते. पहिली टॉर्च सुमारे ३८० मीटर, दुसरी सुमारे ५७०. वर्गमुळामुळे पल्ला दुप्पट करायला कॅन्डेला चौपट लागतात हेही लक्षात घ्या. ०.२५ लक्स म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड, त्यामुळे त्या अंतरावरचे स्पष्ट 'दिसेल' अशी अपेक्षा ठेवू नका. कामापुरते दिसायला या आकड्याचा निम्मा धरावा.

प्रश्न : भिंग प्रत्यक्ष बसवायची पद्धत सांगावी. चिपपासून नेमके किती अंतर ठेवायचे?

आधी सुलट बाजू पाहून घ्या. सपाट बाजू एलईडीकडे, फुगीर बाजू बाहेर. उलटे लावले तरी ठिपका पडतो, पण कडा फाटलेल्या येतात.

विक्रेत्याने सांगितलेली फोकल लेंग्थ म्हणजे सपाट बाजूपासूनचे अंतर नव्हे. ते अंतर येते फोकल लेंग्थ वजा (जाडी ÷ अपवर्तनांक). ३० मिमी फोकल लेंग्थचे, १५ मिमी जाडीचे, १.५ अपवर्तनांकाचे भिंग असेल तर चिप सपाट पृष्ठभागापासून २० मिमीवर हवी. तिथे ३० मिमी ठेवून 'फोकसच होत नाही' म्हणणारी पत्रे दर वेळी येतात. आकडे माहीत नसतील तर भिंगाची सपाट बाजू कागदाकडे करून समोरच्या खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची किंवा इमारतीची प्रतिमा कागदावर घ्या. ती सर्वांत रेखीव होईल तेव्हाचे कागद ते सपाट बाजू हे अंतर व्हर्निअरने मोजा. तेच आपले अंतर. सूर्यावर हा प्रयोग करू नका.

आता जोडणी. रिफ्लेक्टर काढा. त्याच्याखाली प्लॅस्टिकची छोटी सेंटरिंग रिंग असेल तर ती फेकू नका. एलईडी मध्यावर आहे का ते पाहायला आणि सोल्डरचे टाके झाकायला ती उपयोगी पडते. भिंगाखाली बसेल असे कडे लागते. ॲल्युमिनिअमच्या नळीचा तुकडा किंवा पीव्हीसी पाइपाची कापलेली चकती चालते. धातूचे कडे असेल तर त्याची खालची कड एलईडीच्या तारांना किंवा टाक्यांना लागणार नाही याची खात्री करा. लागली तर टॉर्च सुरू करताक्षणी शॉर्ट होते. कडे मोजलेल्या अंतरापेक्षा अर्धा मिमी जास्तच कापा. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. घासताना काचेवर पॉलिश पेपर पसरवून कडे त्यावर गोल फिरवा, म्हणजे कड तिरपी होत नाही. कडे तिरपे झाले की भिंग कलते आणि ठिपक्याला एका बाजूने शेपूट फुटते.

फोकस कमीत कमी पाच मीटरवरच्या भिंतीवर लावा, सर्वांत कमी उजेडाच्या मोडवर. हेडला आटे असतील तर पाव-पाव फेरा फिरवत जा. चिपची चौकट रेखीव दिसली आणि तिच्या कडेच्या बारीक तारांच्या सावल्याही दिसू लागल्या, की फोकस लागला. इथे चूक किती महागात पडते ते पाहा : २५ मिमी व्यासाच्या, २० मिमी फोकल लेंग्थच्या भिंगात अंतर अर्धा मिमी चुकले तर झोतात सुमारे १.८ अंशांची धूसरता मिसळते. १ मिमी चिपचा मूळ झोतच तिथे २.९ अंशांचा आहे.

फोकस लागल्यावर कड्याच्या आतल्या बाजूला मॅट काळा रंग द्या. चकचकीत भिंतीवरून परतलेला प्रकाश ठिपक्याभोवती कडी काढतो. काही जणांना ती चालतात, आम्हाला नाही. रंग पूर्ण वाळू द्या आणि दिवसभर उघडाच ठेवा, नाहीतर त्याची वाफ भिंगाच्या आत बसते. शेवटी भिंगाच्या पुढच्या कडेला ओ-रिंग घालून बेझल (टॉर्चच्या तोंडाचे कडे) आवळा. ओ-रिंग मागच्या बाजूला घातली तर आवळताना ती दबते आणि लावलेला फोकस सरकतो.

प्रश्न : ठिपका चौकोनी पडतो आणि मध्ये काळी फुली दिसते. एलईडी फुटला आहे का?

फुटलेला नाही. अस्फेरिक भिंग चिपची प्रतिमा भिंतीवर काढते आणि चिप चौकोनी आहे. फुली दिसते म्हणजे तुमच्या एलईडीत चार चिपा शेजारी शेजारी आहेत, उदाहरणार्थ क्री कंपनीच्या एक्सएचपी५० किंवा एक्सएचपी७० प्रकारात. त्यांच्यामधल्या फटीची ती सावली. अशा एलईडीसाठी भिंग ही चुकीची निवड आहे. खडबडीत पृष्ठभागाचा रिफ्लेक्टर ती फट विरघळवून टाकतो.

भिंगच ठेवायचे असेल तर ते फोकसच्या जागेपासून चिपकडे अर्धा ते एक मिमी सरकवा. फुली पुसट होते, कोपरे गोल होतात, पल्ला थोडा घटतो. सरकवायचे ते चिपच्याच दिशेने, कारण त्या बाजूला भिंग थोडा जास्त प्रकाश गोळा करते. दूर नेले तर किरण पुढे एकमेकांना छेदतात आणि वेगवेगळ्या अंतरांवर ठिपका वेगवेगळा दिसतो.

प्रश्न : एलईडीवरचा सिलिकॉनचा घुमट कापला की झोत बारीक होतो असे वाचले. ब्लेडने कापू का?

परिणाम खरा आहे. घुमट गेला की चिप तिच्या खऱ्या आकाराची दिसते, ठिपका लहान होतो आणि मध्याची तीव्रता दीडपटीपासून जवळपास दुपटीपर्यंत वाढते. त्या बदल्यात एकूण लुमेन कमी होतात, कारण घुमट प्रकाशाला चिपबाहेर पडायला मदत करत असतो. रंगही पिवळट, काही एलईडींत हिरवट होतो.

धोका तारांचा. बऱ्याच एलईडींत चिपच्या कडेपासून केसाहून बारीक सोन्याच्या तारा निघतात आणि त्या घुमटाच्या सिलिकॉनमध्येच अडकलेल्या असतात. घुमट उपटला तर त्या तुटतात आणि एलईडी संपतो. कापायचेच असेल तर नवे ब्लेड घ्या आणि एलईडीच्या दोन्ही बाजूंना तारांच्या उंचीपेक्षा जाड पत्र्याच्या पट्ट्या ठेवा. ब्लेड त्या पट्ट्यांवर टेकवून आडवे, करवतीसारखे मागेपुढे चालवा. वर सिलिकॉनचा पातळ थर राहिला तरी चालतो, तो खरवडू नका. त्याखाली फॉस्फर आहे आणि तो निघाला तर तिथे निळा डाग दिसेल.

पण आमचा सल्ला विचाराल तर बिनघुमटाचाच एलईडी घ्या. क्रीच्या एक्सपी-एल मालिकेत 'एचआय' नावाने तो मिळतो आणि त्याचा पाया घुमटाच्या एक्सपी-एलसारखाच असल्याने तीच पाटी (एलईडी ज्यावर सोल्डर केलेला असतो ती धातूची चकती) चालते. आणखी बारीक झोतासाठी ओस्रामचे सीएसएलएनएम१ (चिप १ चौरस मिमी) आणि सीएसएलपीएम१ (२ चौरस मिमी) हे एलईडी आहेत. यांचा पाया ३ × ३ मिमीचा असतो, म्हणून पाटी त्याच मापाची आणि तांब्याची घ्या. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला जाणारा प्रवाह ठरवणारे सर्किट, तपासायला विसरू नका. ७१३५ प्रकारच्या ड्रायव्हरवर प्रत्येक आयसी ३५० मिलिॲम्पिअर देतो. आठ आयसी असतील तर २.८ ॲम्पिअर. लहान चिपच्या डेटाशीटमध्ये तेवढा प्रवाह बसत नसेल तर आयसी काढून कमी करा. चार ठेवले की १.४ ॲम्पिअर होतो. प्रवाह जास्त झाल्याची खूण म्हणजे प्रकाशाची छटा निळसर होत जाणे. ती दिसली की लगेच बंद करा.

प्रश्न : भिंगाऐवजी २० मिमीची '१० अंशांची' टीआयआर लेन्स लावली. झोत १० अंशांचा वाटत नाही आणि मध्ये अंधारा खड्डा आहे.

टीआयआर म्हणजे बाजूच्या भिंतींवरून प्रकाश आतल्या आत परतवून पुढे पाठवणारी प्लॅस्टिकची लेन्स. तुमच्या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. टीआयआरवरचा कोन म्हणजे मध्याच्या निम्मी तीव्रता जिथे मिळते तिथपर्यंतची पूर्ण रुंदी, आणि ती एका ठरावीक एलईडीवर मोजलेली असते. तुमच्या एलईडीची चिप त्याहून मोठी असेल तर झोत रुंदच पडणार.

मधला खड्डा उंचीमुळे आहे. टीआयआरच्या तळाला एलईडीसाठी खोबण असते आणि ज्या प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये ती बसते त्याचे पाय ही उंची ठरवतात. ३.४५ मिमीच्या एलईडीचा होल्डर आणि ५ मिमीच्या एलईडीचा होल्डर वेगळा असतो. आधी होल्डरशिवाय, लेन्स हाताने धरून वर-खाली करून पाहा. खाली दाबल्यावर खड्डा भरत असेल तर पाय ०.२ मिमीच्या टप्प्याने घासा. वर उचलल्यावर भरत असेल तर पायांखाली कागदाची चकती घाला.

टीआयआरच्या बाजूच्या तिरप्या भिंती कोऱ्या राहिल्या पाहिजेत. ॲक्रिलिकमधून हवेकडे ४२ अंशांहून तिरपा जाणारा किरण पूर्ण परत फिरतो, आणि सगळा खेळ त्यावरच आहे. भिंतीवर सरस, रंग किंवा बोटाचे तेल लागले की प्रकाश तिथून गळतो. लेन्स डिंकाने चिकटवणे किंवा 'गळती थांबावी' म्हणून बाहेरून काळी करणे, दोन्हींनी तिचे वाटोळे होते.

प्रश्न : झूमच्या टॉर्चमध्ये एलईडी बदलला. आता डोके पूर्ण बाहेर ओढले तरी ठिपका रेखीव होत नाही.

नव्या एलईडीच्या किंवा पाटीच्या उंचीत फरक पडला आहे. कोणत्या बाजूला, ते ओढताना कळते. डोके शेवटपर्यंत ओढेस्तोवर ठिपका लहान आणि रेखीवच होत जात असेल, तर भिंग अजून दूर जायला हवे. भिंगाच्या मागे पातळ कडे घालून ते पुढे सरकवा. मधेच कुठेतरी रेखीव होऊन शेवटी पुन्हा धूसर होत असेल तर चिप खाली बसली आहे. तशीही वापरता येते, फक्त शेवटाच्या आधी थांबायचे. तेही नको असेल तर पाटीखाली तांब्याची चकती घालून एलईडी वर उचला. चकतीच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर. जाड थर उष्णता अडवतो.

अशा टॉर्चमध्ये भिंग आत असताना ते चिपला जवळजवळ टेकलेले असते, म्हणून बराच प्रकाश गोळा करते. झूम केल्यावर एकूण उजेड घटतो, तो दोष नव्हे.

प्रश्न : मोठे, पातळ फ्रेनेल (वर्तुळाकार खाचांचे) भिंग वापरता येईल का? वजन वाचेल.

येईल, पण वाचनाचे पानाएवढे फ्रेनेल नको. त्याची फोकल लेंग्थ इतकी लांब असते की चिपच्या प्रकाशाचा क्षुल्लक हिस्साच त्याच्या वाट्याला येतो. फोकल लेंग्थ व्यासाइतकी किंवा कमी असलेले निवडा. खाचांची बाजू बाहेर, सपाट बाजू एलईडीकडे. उलट लावले तर खाचांच्या उभ्या कडा जास्त प्रकाश खातात. खाचांमुळे ठिपक्याभोवती थोडे धुके राहतेच. बाहेरच्या खाचांत धूळही बसते, म्हणून पुढे पातळ साधी काच लावा.

प्रश्न : बदल केल्यावर खरोखर फरक पडला का, हे मोबाइलवर मोजता येते का?

तुलनेपुरते येते. अंधाऱ्या खोलीत पाच मीटरवर मोबाइल ठेवा आणि झोताचा सर्वांत उजळ भाग त्याच्या प्रकाश-सेन्सरवर पाडा. लक्सचा आकडा २५ ने गुणला की कॅन्डेला. दहा मीटरवर १०० ने. एक मीटरवर मोजू नका, तिथे भिंगाचा झोत पूर्ण घडलेलाच नसतो. ७५ मिमी व्यासाच्या, ६० मिमी फोकल लेंग्थच्या भिंगापुढे १ मिमीची चिप असेल तर झोत घडायलाच साडेचार मीटर लागतात. मोठ्या भिंगाला म्हणून दहा मीटर किंवा जास्त.

बदलाआधी आणि बदलानंतर सेल सारखाच भरलेला असू द्या आणि टॉर्च सुरू केल्यावर ३० सेकंदांनी आकडा वाचा, कारण एलईडी तापला की उजेड उतरतो. मोबाइलचा सेन्सर तिरप्या प्रकाशाला कमी दाद देतो आणि फार तीव्र उजेडात एका आकड्यावर अडकतो. तसे झाले तर अंतर वाढवा. निव्वळ कॅन्डेलाचा आकडा सांगायचा असेल तर लक्समीटरच हवा.

प्रश्न : काचेचे भिंग चांगले की ॲक्रिलिकचे? आणि साफ कशाने करावे?

प्रकाश पार करण्यात दोघे सारखेच. बिनकोटिंगच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. कोटिंगच्या काचेत तो एक-दोन टक्क्यांवर येतो. ॲक्रिलिक हलके आहे, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि लवकर चरे घेते. ते स्पिरिटने किंवा काच साफ करायच्या द्रवाने पुसू नका, कडेला बारीक भेगांचे जाळे येते. पाण्यात साबणाचा थेंब टाका, मऊ कापड घ्या आणि आधी धूळ फुंकून उडवा. काचेला स्पिरिट चालते.

दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट : भिंगाची टॉर्च खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तोंड वर करून ठेवू नका. जे भिंग चिपचा प्रकाश बाहेर समांतर पाठवते, तेच बाहेरचे ऊन थेट चिपवर गोळा करते. टॉर्च बंद असली तरी फॉस्फर करपतो, सिलिकॉन काळे पडते, आणि सूर्य जरा तिरपा असेल तर आतले प्लॅस्टिकचे कडे वितळते. ठेवताना तोंडावर रबरी टोपण घाला, नसेल तर टॉर्च भिंग खाली करून उभी ठेवा.